आमीन मोठ्यानं की मनात?

ठाण्यात राबोडीला किंवा पुढे मुंब्र्याला एखाद्या मशिदीत मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या नमाजेला कधी जाणं झालं, तर मागच्या रांगेत कान देऊन उभे राहा. इमाम सूरह फातिहा, म्हणजे कुराणाचा पहिला अध्याय, संपवतो आणि रांगांमधून ‘आमीन’, म्हणजे ‘तथास्तु’, उठतं, पण सगळ्यांच्या तोंडून नाही. काहीजण ते खणखणीत म्हणतात, त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे असलेले ओठांतल्या ओठांत. मग वाकायची वेळ येते. काहींचे हात आधी खांद्यापर्यंत वर जातात, बाकीचे सरळ वाकतात. कुणी कुणाकडे वळून बघत नाही. नमाजेत वळून बघता येतच नाही म्हणा, पण नमाज संपल्यावरही कुणी कुणाला हटकत नाही. चपला शोधत सगळे एकाच दारातून बाहेर पडतात.

इस्लाममध्ये दया, ज्ञान आणि संवाद यांबद्दल काय सांगितलंय, असं कुणी विचारलं की बहुतेकदा चार सुभाषितं ऐकवली जातात. ती खोटी नसतात, पण त्यांतून फारसं काही कळतही नाही. मला विचाराल तर सुरुवात या आमीनपासून करावी. एकाच रांगेत दोन रीती कशा नांदतात हे समजलं, की बाकीचं आपोआप उलगडत जातं.

मोठ्यानं आमीन म्हणणारे आमच्याकडे बहुतेक कोकणी मुसलमान असतात. आम्ही शाफई. (अहले हदीस या पंथाची मंडळीही मोठ्यानं म्हणतात, त्यांचा हिशोब थोडा वेगळा आहे.) हळू म्हणणारे हनफी. भिवंडीतल्या मागवाल्यांची घराणी, उत्तर प्रदेशातून कामधंद्यासाठी आलेली कुटुंबं, दख्खनमधली माणसं, यांच्यात बहुसंख्य हनफीच. शाफई आणि हनफी हे मजहब, म्हणजे धर्मशास्त्राचा अर्थ लावण्याच्या परंपरा. गाण्यातल्या घराण्यांसारखंच समजा: राग तोच, आलापाची चाल वेगळी, आणि किराण्याचा गवई ग्वाल्हेरच्या गवयाला बेसूर म्हणत नाही. सुन्नींमध्ये असे चार मजहब टिकले, हनफी, मालिकी, शाफई आणि हंबली. शियांची जाफरी परंपरा वेगळी.

आमच्या किनाऱ्यावर शाफई का, याचं उत्तर भूगोलात आहे. समुद्रानं शाफई आणले, खुष्कीनं हनफी. अरबस्तानचे व्यापारी मोसमी वाऱ्यांवर गलबतं घेऊन चौल, सोपारा, ठाणे या बंदरांत यायचे, काही इथेच स्थायिक झाले. इ.स. ९१६च्या सुमारास अल-मसूदी नावाचा बगदादचा प्रवासी चौलला आला होता. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असं त्यानं लिहून ठेवलंय. त्या वेळी उत्तर कोकणावर शिलाहार राजा झंझ याचं राज्य होतं. झंझ स्वतः शिवभक्त, त्यानं बारा शिवमंदिरं बांधल्याचं ताम्रपटांत येतं. आणि मसूदी सांगतो की तिथल्या मुसलमानांचे आपसातले तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला असे. पुढे याच किनाऱ्यावर माहीमला मखदूम अली माहिमी (१३७२ ते १४३१) हे शाफई विद्वान होऊन गेले. कुराणावर अरबीत भाष्य लिहिणारा हा आपला कोकणी माणूस. त्यांच्या उरुसाला मुंबई पोलिस चादर घेऊन जातात हे पुष्कळांना माहीत असतं, ते पंडित होते हे फार थोड्यांना.

हनफी परंपरा मध्य आशियातून दिल्लीमार्गे आली आणि उत्तर हिंदुस्थानभर पसरली. १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतून असंख्य कुटुंबं मुंब्र्या-कौशाला राहायला आली. तेव्हापासून या दोन्ही वाटांनी आलेली माणसं एकेका इमारतीत, एकेका जिन्यावर शेजारी झाली.

आता मूळ प्रश्न. ग्रंथ एक, प्रेषित एक, मग रीती दोन कशा?

इ.स. ६२७मधला एक प्रसंग हदीसच्या, म्हणजे प्रेषितांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींच्या, ग्रंथांत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी काही साथीदारांना बनू कुरैझा या टोळीच्या वस्तीकडे तातडीनं जायला सांगितलं आणि बजावलं, असरची नमाज तिथे पोहोचल्यावरच पढा. असर म्हणजे दुपारनंतरची नमाज. वाटेतच वेळ संपत आली. काहीजण म्हणाले, सांगितलंय तिथेच पढा, मग सूर्य मावळला तरी चालेल. दुसरे म्हणाले, सांगण्याचा हेतू ‘लवकर निघा’ एवढाच होता, नमाज चुकवा असा नव्हता. त्यांनी वाटेतच थांबून नमाज पढली. पुढे ही गोष्ट प्रेषितांच्या कानावर गेली, तेव्हा त्यांनी दोघांपैकी कुणालाच दोष दिला नाही.

शब्द धरणारे एकीकडे, हेतू धरणारे दुसरीकडे. फिकह, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्र, यातल्या कितीतरी मतभेदांचं बीज इथे सापडतं. बाकीची कारणं साधी आहेत. एखादी हदीस इराकातल्या कुफा शहरातल्या विद्वानापर्यंत पोहोचली, मदिनेतल्याला ती वेगळ्या तपशिलासह मिळाली. एकाला सांगणारा माणूस भरवशाचा वाटला, दुसऱ्याला नाही. एकानं शहराच्या चालत आलेल्या रिवाजाला वजन दिलं, दुसऱ्यानं तर्काला.

याचं घड्याळात दिसणारं उदाहरण पुन्हा असरचंच. बिगरमुस्लिम शेजारी कधीकधी विचारतात, “तुमच्या दोन मशिदींची दुपारची अजान वेगवेगळ्या वेळी कशी? घड्याळं जुळवत नाही का?” घड्याळं जुळलेली असतात, सावली जुळत नाही. शाफईंच्या मते वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी लांब झाली की असर सुरू. माध्यान्हीची मूळ सावली त्यातून वगळायची. हनफींचे मूळपुरुष इमाम अबू हनीफा यांच्या मते ती दुप्पट व्हायला हवी. ठाण्याच्या अक्षांशावर या फरकाचा हिशोब मांडला तर डिसेंबरात साधारण पाऊण तास आणि जूनमध्ये सवा तासाच्या आसपास भरतो. गंमत अशी की अबू हनीफांचे दोन पट्टशिष्य, अबू यूसुफ आणि मुहम्मद शैबानी, यांनी या प्रश्नावर गुरूचं मत न घेता एकपट सावलीचं धरलं. तरी ते हनफीच राहिले, आणि त्यांचं मत हनफी ग्रंथांत सन्मानानं नोंदलेलं आहे.

हे चालू शकलं, कारण चुकीकडे बघायची एक विशिष्ट दृष्टी तयार झालेली होती. हदीस अशी आहे: न्यायनिवाडा करणाऱ्यानं पूर्ण प्रयत्न करून निर्णय दिला आणि तो बरोबर निघाला तर त्याला दोन पुण्यं, चुकला तर एक. चुकल्यावरही पुण्य! मात्र यातला ‘पूर्ण प्रयत्न’ विसरून चालत नाही. भाषा, ग्रंथ, आधीच्यांची मतं यांचा अभ्यास न करता ठोकून दिलेल्या मताला ही सवलत नाही. आणि सगळंच मतभेदाचं क्षेत्रही नाही. दिवसात पाच नमाजा, रमजानचे रोजे, जकात (सक्तीचं दान), हज यांच्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो हात कुठे बांधायचे, सावली किती मोजायची, अशा तपशिलांत. पण रोजचं आयुष्य तपशिलांतच जात असल्यामुळे भांडायला ते पुरेसे ठरतात.

आता माणसं बघा. अबू हनीफा कुफ्यात वाढले, ७६७ मध्ये वारले. त्याच वर्षी गाझात इमाम शाफईंचा जन्म झाला. शाफई मदिनेत इमाम मालिक यांच्याकडे शिकले, नंतर इराकात अबू हनीफांचे शिष्य शैबानी यांच्याकडेही. शाफईंच्या हाताखाली अहमद इब्न हंबल शिकले. म्हणजे चारही परंपरांचे मूळपुरुष गुरुशिष्याच्या नात्यानं एकमेकांत गुंतलेले आहेत. यांची पुढची पिलावळ एकमेकांवर डाफरते तेव्हा हे आठवलं तर बरं.

मालिक (मृत्यू ७९५) यांच्याबद्दल दोन गोष्टी सांगतात. अब्बासी खलिफानं त्यांचा ग्रंथ साऱ्या साम्राज्यात सक्तीचा करायचा घाट घातला, तर लेखकानंच नको म्हटलं. कारण दिलं ते असं: प्रेषितांचे साथीदार निरनिराळ्या मुलखांत गेले, प्रत्येक ठिकाणी काही ना काही ज्ञान पोहोचलंय, लोकांना आहे त्यावर राहू द्या. दुसरी गोष्ट म्हणजे, दूरवरून आलेल्या माणसानं प्रश्नांची मोठी यादी पुढे केली आणि मालिकांनी त्यातल्या बहुतेकांना ‘मला ठाऊक नाही’ असं उत्तर दिलं. एवढा मोठा इमाम आणि ठाऊक नाही? आज असा मौलाना यूट्यूबवर टिकायचा नाही.

इमाम शाफई तर स्वतःशीच असहमत झाले. इराकात दिलेली कित्येक मतं त्यांनी इजिप्तला गेल्यावर बदलली. शाफई ग्रंथांत आजही त्यांचं ‘जुनं मत’ आणि ‘नवं मत’ अशी वेगळी नोंद असते. यूनुस सदफी हे त्यांचे इजिप्तमधले शिष्य. एका प्रश्नावर गुरूशी त्यांचा वाद झाला. पुढे भेट झाली तेव्हा शाफईंनी त्यांचा हात धरून विचारलं, एकाही प्रश्नावर आपलं जमलं नाही तरी आपण भाऊ राहू शकत नाही का? हा प्रसंग खुद्द यूनुसच सांगतात.

मला याहून जास्त आवडतो तो प्रेषितांच्या पत्नी आयेशा (र.) यांचा प्रसंग. त्यांच्याकडून दोन हजारांवर हदीस पुढे आल्या, आणि दुसऱ्यांनी सांगितलेल्या हदीस तपासून दुरुस्त करणं हाही त्यांचा अधिकार मानला जाई. प्रेषितांचे एक साथीदार अब्दुल्लाह इब्न उमर सांगत असत की घरच्यांनी रडारड केली तर मेलेल्या माणसाला यातना होतात. आयेशांनी हे मानलं नाही. कुराण म्हणतं, कुणी कुणाच्या पापाचं ओझं उचलत नाही. मग दुसऱ्याच्या रडण्याची शिक्षा मेलेल्याला कशी? पण हे सांगताना त्यांनी सुरुवात कशी केली? अल्लाह त्यांना क्षमा करो, ते खोटं बोललेले नाहीत, त्यांच्या विस्मरणात गेलं असेल किंवा चूक झाली असेल. मत पार खोडून काढलं आणि माणसाच्या प्रामाणिकपणाला धक्का लागू दिला नाही. आपल्याकडे सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगवर बोलतानाही कुणाला हे जमत नाही.

अशी पारख ही पुढे हदीसशास्त्राची पद्धतच झाली. मला अमक्यानं सांगितलं, त्याला तमक्यानं, त्याला अमक्यानं, अशी साखळी प्रत्येक हदीसबरोबर जोडलेली असते. साखळीतला प्रत्येक माणूस कधी जन्मला, कुठे राहिला, आधीच्याला भेटला असणं शक्य होतं का, स्मरणशक्ती कशी होती, याच्या नोंदी आहेत. बुखारी (८१० ते ८७०) यांच्या संग्रहात, पुनरावृत्त्या धरून, सात हजारांवर हदीस आहेत आणि त्या साखळीसकट नोंदलेल्या आहेत. कुराणातही सांगितलंय की बेभरवशाच्या माणसानं खबर आणली तर आधी शहानिशा करा, नाहीतर अजाणता कुणाचं तरी नुकसान कराल. याच हदीसच्या नावानं सकाळी व्हॉट्सअॅपवर ‘अकरा जणांना पाठवा’ असं येतं, त्याला साखळी विचारली की पाठवणारा रागावतो.

दयेचं काय? ती या सगळ्यापासून वेगळी ठेवलेली नाही. ज्याला कमी कळतं त्याच्याशी जास्त कळणाऱ्यानं कसं वागायचं, तिथे तिची खरी कसोटी लागते. मदिनेतली मशीद म्हणजे तेव्हा मातीची जमीन. एक खेडूत वाळवंटातून आला आणि मशिदीतच एका कोपऱ्यात लघवीला बसला. लोक धावून गेले. प्रेषित म्हणाले, त्याला मध्येच थांबवू नका, उरकू द्या, मग बादलीभर पाणी ओता; तुम्हाला लोकांचं सोपं करायला पाठवलंय, अवघड करायला नाही. याच गृहस्थानं प्रार्थना केली, “अल्लाह, माझ्यावर आणि मुहम्मदवर दया कर, आमच्याशिवाय कुणावर नको.” त्यावर प्रेषित म्हणाले, अरे, एवढी विशाल गोष्ट तू किती आखडून टाकलीस!

मुआझ नावाचे साथीदार रात्रीच्या नमाजेत लांबलचक सूरह पढायचे. दिवसभर पाणी ओढून दमलेला एक माणूस रांग सोडून निघून गेला आणि त्यानं तक्रार केली. बोलणी मुआझना बसली: लोकांना संकटात टाकतोस का? मागे म्हातारे, दुबळे, कामाची माणसं असतात. स्वतः प्रेषित मागच्या रांगेत तान्हं मूल रडलं की आईची घालमेल नको म्हणून नमाज आटोपती घेत. आमच्याकडे स्टेशनजवळच्या मशिदीत संध्याकाळी पिशव्या भिंतीला टेकवून उभ्या राहणाऱ्या माणसांना पुढची कल्याण लोकल गाठायची असते. शहाणा इमाम छोटी सूरह घेतो. तो काही सवलत देत नसतो, त्याच्यामागे मुआझची हदीस असते.

धर्माबाहेरच्या माणसाशी बोलण्याचे नियमही याच धाटणीचे आहेत. कुराण सांगतं, वाद घालायचाच तर उत्तम रीतीनं घाला. इतर लोक ज्यांना पुजतात त्यांना शिव्या देऊ नका, नाहीतर तेही अज्ञानापोटी अल्लाहला शिव्या देतील. एकदा मदिनेत एक अंत्ययात्रा जवळून गेली आणि प्रेषित उठून उभे राहिले. कुणीतरी म्हणालं, हा तर ज्यू होता. ते म्हणाले, तो जीव नव्हता का?

आणि मूसांची, म्हणजे बायबलमधल्या मोझेसची, गोष्ट. फिरऔनसारख्या जुलमी राजाकडे त्यांना पाठवताना अल्लाहनं बजावलं की त्याच्याशी मऊ बोला. खलिफा मामूनबद्दल सांगतात, एक उपदेशक त्याला फाडफाड बोलला. मामून म्हणाला, अरे, तुझ्याहून चांगल्या माणसाला माझ्याहून वाईट माणसाकडे पाठवलं होतं, आणि त्यालाही मऊ बोलायची आज्ञा होती. उत्तर बिनतोड. पण हाच मामून ८३३ मध्ये आपलं एक मत विद्वानांच्या गळी उतरवायला निघाला. कुराण अनादि नाही, निर्माण केलेलं आहे असं कबूल करा, म्हणून चौकशा सुरू केल्या. अहमद इब्न हंबल यांनी नकार दिला. मामूनच्या मागून आलेल्या खलिफानं त्यांना चाबकानं फोडून काढलं.

हे झाकण्यात अर्थ नाही. अकराव्या-बाराव्या शतकात इराणातल्या निशापूरमध्ये हनफी आणि शाफई यांच्यात दंगली झाल्या, शहराची वाताहत झाली. खुद्द मक्केत काबागृहाभोवती चार मजहबांचे चार इमाम वेगवेगळी सामूहिक नमाज घेत, हे शतकानुशतकं चाललं. सौदी राजवट आल्यावर १९२०च्या दशकात ते बंद होऊन एका इमामामागे नमाज सुरू झाली. आमच्या भागातही काही मशिदींच्या दारावर ही अमुक पंथाचीच, असा फलक असतो. जुम्म्याच्या भाषणात दुसऱ्या जमातीची उणीदुणी काढणारे वक्ते मी ऐकलेत, आणि त्यांचे व्हिडिओ सर्वात जास्त फिरतात हेही बघितलंय. शिकवणीत मतभेदाची शिस्त आहे म्हणून माणसं ती पाळतातच असं कुठे आहे? पण पाळायची म्हटली तर हात घालायला काहीतरी आहे, एवढं खरं.

शेजाऱ्याला काही विचारायचं असेल तर माझी एक सूचना. ‘इस्लाम याबद्दल काय म्हणतो?’ असं विचारलंत की समोरचा एकदम साऱ्या दुनियेच्या मुसलमानांचा वकील होतो आणि घासून गुळगुळीत झालेलं उत्तर देतो. ‘तुमच्या घरी कसं करतात?’ असं विचारा.

उदाहरणार्थ, मासळी. शाफई मताप्रमाणे समुद्रात राहणारं बहुतेक सगळं हलाल, म्हणून आमच्याकडे तिसऱ्या (शिंपल्या), माकुल, कोळंबी, सगळं बिनघोर चालतं. हनफी मताप्रमाणे समुद्रातला फक्त मासा हलाल. मग तिसऱ्या गेल्या, माकुलही गेलं. कोळंबी मासा आहे की नाही यावर हनफी उलेमांतच दोन मतं आहेत, त्यामुळे काही हनफी घरांत कोळंबीचं कालवण शिजतं, काहींत नाही. खेकड्याबद्दल आमचे शाफई ग्रंथही एकमुखानं बोलत नाहीत, कारण तो पाण्यातही राहतो आणि जमिनीवरही. इमाम नववी या शाफई पंडितानं तेराव्या शतकात त्याला निषिद्धांत टाकलंय, इतरांनी त्यावर वाद घातलाय. कोकणी घरातली मुलगी हनफी घरात लग्न होऊन गेली की यातले बारकावे तिला मौलानाच्या आधी सासूकडून कळतात. माहेरी आली की ती पहिल्यांदा तिसऱ्या मागते, आणि नवरा शेजारी बसून आपली सुरमई खातो.